सोनमचा डावा हात

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४. पहाटे गार, दुपारी पंखा लावावा लागला. जिजाने मोळी टाकली. परसात पाणी प्यायली, गुळाचा खडा घेतला नाही, दात दुखतो म्हणाली. दिपिकाचा गट दुपारपासून पडवीत बसला आहे. पाठाचा विषय ‘आपली जंगले’, इयत्ता चौथी. त्यांच्या तक्त्याला मागून लावायला यांचं एक जुनं धोतर काढून दिलं. गोंदाची बाटली सतरंजीवर लवंडली. डोंगरात सुरुंगाचे आवाज आज जास्त होते. फडताळातली कपबशी हलून खाली आली, कपाचा कान तुटला.

ही नोंद कृष्णाबाई कर्णिकांची. पनवेलच्या लाईन आळीच्या मागे त्यांचं कौलारू घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बडोद्याला. लहानपणी मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, तेव्हा सिस्टरनी रोज चार ओळी लिहायची शिस्त लावली ती सुटली नाही ती नाहीच. पण गोष्ट त्यांची नाही. त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दिपिका घरतची आहे.

दिपिका उरणकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. गावातली बारावी झालेली पहिली मुलगी. बंदरासाठी त्यांची खार जमीन गेली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. साहेब लोक आले, नकाशा पसरला आणि त्यांतला एक जण बोट ठेवून म्हणाला, “ही सगळी पडीक.” दिपिकाचे वडील कमळाकर तिथेच उभे होते. एरवी गरीब माणूस, पण त्या दिवशी त्यांनी डोक्याचं फडकं काढून जमिनीवर आपटलं. “पडीक? आमच्या आज्यापंज्याची हाडा गेली हे बांध घालून, न तुमी पडीक म्हंताव?” साहेबांनी ऐकून घेतलं, कागदावर मात्र ‘पडीक’च राहिलं. दिपिका सांगायची, “आजी, जमीन गेली त्याचं बाबांना इतकं लागलं नाही, जितकं त्या एका शब्दाचं लागलं.”

डी.एड.ला नंबर लागला तेव्हा कमळाकर स्वतः तिला पोचवायला आले होते. टोपलीभर सुकी मासळी आणलेली, आणि कर्णिकांच्या घरात ती चालते की नाही या काळजीने टोपली फाटकाबाहेरच ठेवलेली. कृष्णाबाईंनी ती आत घ्यायला लावली आणि त्यातले बोंबील त्याच दिवशी भाजले. तेव्हापासून दिपिका घरचीच झाली.

अध्यापक विद्यालयाचं त्या वर्षी एक नवं खूळ होतं. पर्यावरण! जिकडे तिकडे पर्यावरण. तालुक्यातल्या प्राथमिक शाळांसाठी छात्राध्यापकांनी गटागटाने पर्यावरणाचे पाठ तयार करायचे, वार्षिक परीक्षेत ते बाहेरच्या परीक्षकांसमोर घ्यायचे आणि त्यांतले निवडक पाठ पुस्तिका करून शाळांना वाटायचे. कल्पना वाईट नव्हती. पण आपल्याकडे कल्पनेला कधी काही होत नाही, जे व्हायचं ते पुढेच होतं.

दिपिकाच्या गटात तिघं. ती स्वतः, केतन आणि अविनाश. केतन पनवेलच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, चित्रकलेत हातखंडा आणि जिभेलाही धार. अविनाश मुळातच अबोल, घरी विधवा आई, त्याला फक्त पास होऊन नोकरीला लागायचं होतं. गुण गटाला एकत्र मिळणार होते, म्हणजे एकाचं चुकलं तर तिघांचं चुकणार. पाठाचं टाचण तिघांनी मिळून लिहिलं. उद्दिष्टं, विषयप्रवेश, विवेचन, गृहपाठ, सगळं नमुन्याप्रमाणे. मार्गदर्शक मोकाशी सरांनी त्यात लाल शाईने एक भर घातली. ‘जंगलाचा शत्रू कोण?’ हा प्रश्न. अपेक्षित उत्तर: ‘मोळीवाले.’ खाली सही.

आता या प्रश्नासाठी चित्र हवं. त्या मंगळवारी पडवीत बसल्या बसल्या केतनला कसं काढावं ते सुचेना. तेवढ्यात जिजा परसात मोळी टाकून, पदराने मान पुसत उभी राहिली. जिजा डोंगराच्या अंगच्या वाडीतली. हिरवं लुगडं, त्यावर नवऱ्याचा खाकी शर्ट, त्याच्या एका खांद्याला निळ्या कापडाचं ठिगळ. केतनने तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि पेन्सिल भराभर चालायला लागली. बोडका डोंगर, तोडलेले बुंधे आणि मधोमध डोक्यावर मोळी, हातात कुऱ्हाड घेतलेली बाई.

“अरे वा! अगदी जिवंत वाटतेय,” अविनाश म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे बहुधा एकमेव वाक्य.

रंग दिपिकाने भरले. लुगडं हिरवं, शर्ट खाकी, ठिगळ निळं. रंगवताना तिच्या काही ध्यानातच आलं नाही. चित्र छान व्हावं, एवढंच डोक्यात होतं. मग खळ शिजवून तक्त्याच्या पाठीला धोतराचं कापड चिकटवलं. विद्यालयाचा तसा नियमच होता. तक्ता टिकला पाहिजे, पुढच्या वर्षीच्या मुलांनाही वापरता आला पाहिजे. कपाटात वीस वर्षांपूर्वीचे तक्ते तसेच्या तसे होते, आणि त्यावरचं सगळं शिकवणं पण.

पाठासाठी शाळा दिली होती पळस्प्याच्या पुढची, एका लहान गावातली. शाळेमागे डोंगर होता. होता म्हणायचं, कारण त्याचा अर्धा भाग खाणीने खाऊन टाकला होता. रोज दुपारी सुरुंग उडायचे, पोरं पाटीवर हात ठेवायची, की ती सरकू नये. मग पिवळे डंपर खडी घेऊन धुरळा उडवत नव्या वसाहतींकडे जायचे. पाठाच्या टाचणात खाणीविषयी अवाक्षर नव्हतं.

वार्षिक पाठाच्या आधी तालीम असते. आणि तालमीची एक पद्धत असते, जी कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही पण सगळ्या विद्यालयांना ठाऊक आहे. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. परीक्षकाला वाटतं, अहाहा, काय तयारी आहे वर्गाची! आणि शिकवणारी उजव्या हातवाल्यालाच उठवते. दिपिकाला ही पद्धत मोकाशी सरांनी शिकवली, त्यांना त्यांच्या सरांनी शिकवली असणार. खोटेपणाची अशी वंशपरंपरा आपण किती जपतो!

शनिवारी सकाळची तालीम. चौथीच्या वर्गात पुढच्याच ओळीत सोनम बसलेली. जिजाची मुलगी. वाडीतून त्या वर्गापर्यंत पोचलेली ती एकटीच, बाकीची तिच्या वयाची पोरं वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेली. सोनमचा हात म्हणजे कायम उजवा. प्रश्न पुरा व्हायच्या आत वर. दिपिकाला ती फार आवडायची.

दिपिकाने तक्ता उलगडला.  मागून एक पोरगा ओरडला, “बाई, ही सोनमची आय!”

“व्हय वं! शर्टाला ठिगल बघ!”

“सोनमची आय चितारात हाय!”

वर्ग खिदळला. दिपिकाने पट्टी आपटली. वेळ कमी होता, परीक्षेचं दडपण होतं, आणि तिने जे करू नये ते केलं. ती पुढे गेली. प्रश्न विचारला, “जंगलाचा शत्रू कोण?” सगळे उजवे हात वर झाले, कारण उत्तर कालच घोकून घेतलं होतं. फक्त पहिल्या ओळीत एक डावा हात वर होता.

“सोनम, अगं उजवा. तुला येतंय ना?”

“नाय येत.”

“काल तर म्हणालीस! सांग बघू.”

“मला नाय येत, बाई,” सोनम म्हणाली. डोळे तक्त्यावर, हात तसाच वर. डावा.

तिने तो हात खाली घेतलाच नाही. दुसऱ्याने उत्तर दिलं, “मोळीवाले!” आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्याही ठरल्याप्रमाणे.

सोमवारी सोनम शाळेत नव्हती. दिपिकाला वाटलं, तापबिप असेल. मंगळवारी खरं कळलं.

मंगळवारी जिजा आली, पण मोळी डोक्यावरून उतरवलीच नाही. फाटकातच उभी. कृष्णाबाई म्हणाल्या, “अगं उतरव, मान मोडेल.”

“तुमाला द्याला नाय आनली. पुढं जातेय. सांगाया आलीय.” तिने मागच्या खोलीकडे हनुवटी उडवली. “त्या मास्तरीन हाय का घरात?”

दिपिका दारात आली.

“पोरगी माजी शालंत जायाची नाय. पोरा तिला ‘शत्रू’ म्हंतात. वाटंनं दगड मारतात. म्हंतात, तुजी आय जंगल खाते.” जिजाचा आवाज चढला. “मी खाते जंगल? आगो, मी पडलेली लाकडा येचते न डोकीवं वाहून तुमच्या दारात आनते. मंग तुमचा बंब पेटतो. ऊन ऊन पानी कोन घेतं आंगावर, मी? आमी तर नदीवं जातो. तुमी न्हानार न चोर मी!”

“जिजा, मला कळलंच नाही गं...” दिपिका म्हणाली.

“कसं कळंल? रंग भरत व्हतीस ना! ठिगल मातर बराबर दिसलं तुला.”

एवढं बोलून ती वळली आणि गेली. तिच्या डोक्यावरची मोळी फाटकाच्या कमानीला घासली, दोन काटक्या खाली पडल्या. दिपिका उचलायला वाकली तर जिजा वळूनही न बघता म्हणाली, “ठेव. तुमच्याच हायत.”

 कृष्णाबाई एवढंच म्हणाल्या, “आमच्या शाळेत सिस्टरनी एक चित्र लावलं होतं. तुळशीला पाणी घालणारी बाई. खाली लिहिलं होतं, अज्ञान. त्या दिवशी घरी गेले तर आई तुळशीपाशीच उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. नऊ वर्षांची होते मी, दिपिका. एकाहत्तर झाली, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे.”

दिपिकाच्या कानात मात्र दुसराच शब्द वाजत होता. पडीक. आपल्या बापाला कोणीतरी कागदावर लिहून गेलं, आणि आज तसंच आपण कोणाला तरी लिहिलं. तेही रंगीत.

तिसऱ्या प्रहरी ती मोकाशी सरांच्या घरी गेली. सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

“सर, टाचणातला एक प्रश्न बदलायचाय. आणि तक्ता.”

“परीक्षा सोमवारी आहे, बाई. सही झालेल्या टाचणात बदल होत नसतो.”

“सर, वर्गात मोळीवालीची मुलगी आहे. ती शाळा सोडतेय.”

“सोडतेय? मग ती परीक्षेला नसणारच,” सर म्हणाले. “प्रश्न मिटला.”

दिपिकाला क्षणभर आपण ऐकलं ते खरं वाटेना. प्रश्न मिटला! जणू पोरगी म्हणजे फळ्यावरची चुकीची ओळ, पुसली की स्वच्छ.

“सर, डोंगर तर खाण खातेय. आपण खाणीचं का नाही शिकवत?”

सरांनी पेपर खाली ठेवला. “हे बघा. वर्गातले पंखे कोणी दिले? खाणवाल्या शेठनी. संस्थेच्या कमिटीवर कोण आहे? तेच. पुस्तिकेचा खर्च कोण करतंय? सगळं सांगायला नको. तुम्ही शिक्षिका व्हायला आलात, पुढारी व्हायला नाही.”

त्यांच्या मागे उघड्या दारातून परस दिसत होतं. न्हाणीघराच्या भिंतीला लागून मोळ्या रचलेल्या, छातीइतक्या उंच. बंबातून निळा धूर निघत होता आणि आतून सरांची बायको हाक मारत होती, “अहो, पाणी काढलंय!”

“सर, ही लाकडं?” दिपिकाने विचारलं.

“तो विषय वेगळा,” सर म्हणाले आणि टॉवेल घेऊन उठले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दिपिका झपाझप चालत घरी आली. एरवी रडणारी मुलगी, पण त्या दिवशी रडू आलं नाही. राग इतका होता की रडायलाही ओलावा नव्हता.

गटात त्याहून मोठा तमाशा झाला. केतन उसळला. “म्हणजे आता माझं चित्र वाईट? तूच ‘छान छान’ करत रंगवलंस ना?”

“मी रंगवलं. म्हणून मीच म्हणतेय.”

“तुला क्रांती करायचीय, कर. आमचे गुण का घेऊन बुडतेस?”

अविनाश खाली मान घालून म्हणाला, “मला पुन्हा एक वर्ष बसायला जमणार नाही, दिपिका. आई आता धुणंभांडी करू शकत नाही.” त्याच्यावर कोणाला रागावताही येईना. सगळ्यात अन्याय्य तेच होतं. चूक करायला लावणारा झोपाळ्यावर बसला होता आणि भांडत होती ही तिघं.

मग दिपिकानेच सुचवलं, मोळीवालीच्या जागी खाण काढू. खाण फोडणारे लोक, हातोडे, ट्रक. केतनला ते पटलंही. पण रविवारी ती वाडीवर सोनमला आणायला गेली आणि तेही कोसळलं.

वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या दहा-बारा कुडाच्या झोपड्या. जिजा अंगण सारवत होती. सोनम कुडाला पाठ लावून बसलेली, दिपिकाला पाहून तिने तोंड भिंतीकडे केलं. सोनमचा बाप भरत बाजेवर आडवा होता. त्याच्या पापण्यांवर, केसांत पांढरी धूळ. रविवार, म्हणून घरी. एरवी तो त्याच खाणीवर दगड फोडायचा.

म्हणजे खाणीचं चित्र काढलं तर हातोडा घेतलेला माणूस कोण? भरत. सोनमची आय पुसायची आणि बा काढायचा!  चोर सोडून संन्याशाला सुळी कशी देतात ते तिला त्या दिवशी नीट कळलं. चित्रात जो हाताने काम करतो तोच येतो. ज्याच्यासाठी काम होतं तो चित्रात कधी दिसतच नाही.

“जिजा, सोनमला पाठव. उद्याच्या पाठात ते काही नसेल.”

“नसंल म्हंजे? चितार कुठं जाईल?”

“कपाटात.”

“मंग पुढल्या साली निंगंल. दुसरी मास्तरीन लावंल.” जिजाने शेणाचा हात झटकला. “पाठवीन. पन ते चितार फाड. घरात नाय, शालंत. ज्या पोरांनी बघितलं त्यांच्या पुढ्यात.”

भरत बाजेवरून म्हणाला, “आगो, तिची परीक्षा हाय उद्या. सायेब बसतील.”

“बसूं दे ना! माज्या पोरीचीबी परीक्षाच हाय.”

 निघताना दिपिकाने मान हलवली, हो म्हणून. सोनम भिंतीकडे तोंड करूनच बसली होती.

सोमवारी वर्गाच्या मागच्या बाकांवर मोकाशी सर आणि अलिबागहून आलेले बाह्य परीक्षक. जाड चष्मा, हातात गुणांचा कागद. केतन आणि अविनाश कडेला उभे. सोनम आली होती. पहिल्या ओळीत नाही, दाराजवळ. म्हणजे पटकन निघता यावं.

दिपिकाने तक्ता फळ्यावर लावला. पोरं खुसखुसली. “मुलांनो,” ती म्हणाली, “हे चित्र चुकीचं आहे. या चित्रातल्या बाईंना आपण शत्रू म्हटलं. त्या शत्रू नाहीत. चूक आमची आहे, म्हणून हे चित्र आम्ही फाडतोय.”

मोकाशी सर अर्धवट उठले. दिपिकाने तक्ता काढला आणि दोन्ही हातांनी ओढला. फाटेना! धोतराचं कापड आणि घट्ट खळ, विद्यालयाचा नियमच तसा. तिने पुन्हा ओढला, चेहरा लाल झाला.  एक पोरगी म्हणाली, “दातांनी फाडा, बाई.” तेवढ्यात केतन पुढे आला. चेहऱ्यावर आठ्या. दुसरं टोक धरलं आणि दोघांनी झटका दिला. टर्रकन आवाज झाला. तक्ता मधोमध, जिजाच्या अंगावरून नाही, बुंध्यांपाशी फाटला. केतनने कशी कोण जाणे, बरोबर तिथेच चिमटीत धरलं होतं.

मग दिपिकाने फळ्यावर खडूने फक्त दोन बाण काढले. “डोंगरातलं लाकूड वाडीतल्या बाया वेचून नेतात. ते शेवटी जातं कुठे?”

आता गंमत झाली. हा प्रश्न तालमीत नव्हता. उत्तर कोणालाच घोकून दिलेलं नव्हतं. आणि वर्ग प्रामाणिक! सगळ्यांनी हात वर केला. सगळ्यांनी डावा.

परीक्षकांनी चष्मा वर केला. “अहो मोकाशी, हा वर्ग काय सगळा डावखुरा आहे?”

मोकाशी काही बोलायच्या आत पुढचा पोरगा उभा राहिला. “नाय सायेब. येतं त्यानी उजवा, नाय येत त्यानी डावा. सरांनी सांगितलंय.”

 परीक्षक मोकाशींकडे बघत राहिले, मोकाशी खिडकीकडे. दिपिकाची नजर मात्र दाराजवळ गेली. तिथे एक हात वर होता. उजवा.

“सोनम, सांग.”

“पनवेलला,” सोनम म्हणाली. उभी राहिली. “न्हानीत. आयनी मला दाखवलाय बंब. तांब्याचा हाय.”

“आणि डोंगरातला दगड?”

या वेळी आणखी दोन-तीन उजवे हात वर गेले. बिल्डिंगीत. रस्त्यात. नव्या स्टेशनाकडं. एका पोराने सांगितलं, “आमच्या मामाच्या चालीत, करंजाड्याला.” पाठ सुरू झाला तो असा, आणि मग कोणाच्याच हातात राहिला नाही. पोरं भांडत होती, जोरजोरात सांगत होती, आणि दिपिका फळ्यावर बाण काढत होती. तेवढ्यात सुरुंग उडाला. सगळ्या पोरांनी सवयीने पाट्यांवर हात ठेवले. बाहेरच्या साहेबांचा गुणांचा कागद मात्र उडाला.

याचं फळ काय मिळालं ते सांगितलंच पाहिजे, कारण लोकांना वाटतं सत्याचा विजय होतो. परीक्षकांनी पाठ ‘चैतन्यपूर्ण’ म्हणून लिहिला आणि हाताची लबाडी उघडी पडली म्हणून गटाला नापास केलं. लबाडी शिकवणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. संस्थेने वर ठपका ठेवला: शैक्षणिक साहित्याची हेतुपुरस्सर नासधूस. अविनाश दिपिकाशी वर्षभर बोलला नाही, आणि दिपिकाने त्याला कधी दोष दिला नाही. तिघं पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि पास झाली. आणि पुस्तिका? ती छापून निघाली, गुळगुळीत, मागे शेठच्या शुभेच्छा. त्यात ‘आपली जंगले’ हा पाठ होता, मोकाशी सरांनी ज्यावर सही केली होती तोच. ‘जंगलाचा शत्रू कोण?’ उत्तर: ‘मोळीवाले.’ खाली तिघांची नावं. दिपिका घरत, पहिलं नाव.

पुढे दिपिकाला नोकरी लागली, डोंगरातल्याच एका वाडीच्या शाळेत. बदल्या होत राहिल्या. नव्या शाळेत गेली की ती आधी हजेरी घ्यायची नाही, कपाट उघडायची. पुस्तिका असली की तेवढं पान फाडायची आणि मग खडू हातात घ्यायची. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, सरकारी माल का फाडता?” ती म्हणाली, “नाव माझं आहे त्यावर. खोटं कोण बोललं ते मला ठाऊक आहे.” सोनम सातवीपर्यंत शिकली. त्याच्या पुढची शाळा पनवेलला होती आणि तिला तिथे कोणी ठेवून घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी, आणि तिचा राग तर त्याहून वेगळा.

पण हे सगळं नंतरचं. पाठाच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. दुपारी जिजा फाटकात आली, उभी राहिली आणि न बोलता परसात जाऊन मोळी टाकली. दिपिका घरात होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“फाडलंस म्हनं.”

“फाटत नव्हतं.”

“सोनम सांगत व्हती. मंग त्या पोरानं हात लावला.” जिजाने पदराने मान पुसली. “तुजं नुसकान झालं गो?”

“झालंच म्हणायचं.”

“व्हऊं दे,” जिजा म्हणाली. ती सांत्वन करत नव्हती. तिच्या घरात नुकसान रोजच व्हायचं, आज ते दिपिकाच्या घरात आलं होतं, एवढंच. मग ती पाणी प्यायला विहिरीकडे वळली आणि या वेळी गुळाचा खडाही घेतला.

संध्याकाळी कृष्णाबाईंनी दिव्याखाली रोजनिशी उघडली. मंगळवार, २२ फेब्रुवारी १९९४. दिवसभराचं सगळं लिहून झालं, दिपिकाच्या निकालाची धास्तीही लिहून झाली. शेवटी त्यांनी लिहिलं: फाटलेल्या तक्त्याच्या पाठीचं धोतर गरम पाण्यात भिजवून खळ काढली. बंब पुसायला दोन बोळे झाले.